वाचकांचे प्रश्न : सरीसृपप्रेमींच्या मेळाव्याला जाताना

प्रश्न : मी 67 वर्षांची असून सध्या शिकागोजवळ मुलीकडे राहते आहे. माझ्या दहा वर्षांच्या नातवाने ‘लेपर्ड गेको’ जातीची पाल पाळली आहे. पुढच्या रविवारी इथल्या सरीसृपप्रेमींच्या क्लबचा मेळावा असून त्यात सभासद आपापले साप, सरडे आणि कासवे आणतात व इतरांना हाताळूही देतात. मी आणि तीन वर्षांच्या नातीने सोबत यावे, असा नातवाचा हट्ट आहे. भिंतीवरची पाल पाहूनही माझ्या अंगावर काटा येतो. जाणे सुरक्षित आहे का? पुढच्या वर्षी मुलीचे कुटुंब पुण्याला परतेल, तेव्हा ही पाल आणता येईल का?

उत्तर : अवश्य जा, मात्र आपण आणि नातीने पाहण्यावरच समाधान मानावे. निरोगी दिसणाऱ्या सरीसृपांच्या विष्ठेतून आणि त्वचेवरून पोटाचे विकार करणारे साल्मोनेला नावाचे जंतू पसरू शकतात, आणि पाच वर्षांखालील मुले व 65 वर्षांवरील व्यक्ती यांना त्यांचा संसर्ग गंभीर होण्याची भीती अधिक असते. नातवाने प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि तोपर्यंत काहीही खाऊ नये.

भीतीबद्दल सांगायचे, तर लेपर्ड गेकोच्या बोटांना आपल्या घरातल्या पालीसारखी चिकट गादी नसते, त्यामुळे ती भिंतीवर चढत नाही आणि अंगावर पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिला हलत्या पापण्याही असतात, म्हणून तिचा चेहरा पुष्कळ सौम्य वाटतो.

खरी काळजी मला त्या पालीचीच वाटते. अनोळखी हातांत फिरणे सरीसृपांना आवडते, असा समज अशा मेळाव्यांत सहज होतो. परंतु बॉल पायथन हा अजगर अंगाचा चेंडू करतो तो घाबरून, आणि बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याची गळ्याखालची दाढी काळी पडते ती अनेकदा ताणामुळे. गेको घाबरली की शेपूट टाकते. ती पुन्हा उगवते, पण पहिल्यासारखी नाही. शिवाय गेकोंमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम या सूक्ष्म परजीवीचा आजार विष्ठेतून पसरतो आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. म्हणून नातवाने पाल घरीच ठेवून तिचे फोटो न्यावेत, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. नेलीच, तर ती बंद डब्यातच ठेवावी.

पुण्याला आणण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. प्रवासी सामानाच्या नियमांतून भारतात पाळीव प्राणी म्हणून कुत्रा किंवा मांजरच आणता येते; परदेशी सरीसृपांच्या आयातीसाठी स्वतंत्र परवाना लागतो. (इथे आल्यावर त्याऐवजी तारा कासव पाळू, असेही कोणी सुचवू नये, वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार तो गुन्हा आहे.) ही पाल नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षे जगते आणि तिकडच्या इलिनॉय राज्याच्या हिवाळ्यात बाहेर सोडल्यास तग धरणार नाही. तेव्हा तिला पुढे कोण सांभाळेल, याची चौकशी नातवाने याच मेळाव्यात अनुभवी सभासदांकडे सुरू करावी. वर्षभराचा अवधी त्यासाठी पुरेसा आहे.