माणूस गेल्यावर त्याच्या स्मार्टवॉचमधला हेल्थ डेटा घरच्यांना दिसतो का?

नुसतं घड्याळ हातात आलं म्हणून सगळं दिसत नाही, डेटा अकाउंटला जोडलेला असतो, त्यामुळे आधी काय सेट करून ठेवलंय त्यावर आहे. ॲपलमध्ये आयओएस 15.2 पासून लेगसी कॉन्टॅक्ट (आपल्यामागे डेटा बघायला आपण आधीच नेमून ठेवलेला माणूस) आहे, त्या नेमलेल्या माणसाने ॲक्सेस की (नेमताना तयार होणारा कोड) आणि मृत्यूचा दाखला दिला की 3 वर्षं डेटा बघता येतो, आणि ॲपलच्याच यादीत हेल्थ डेटापण आहे (हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं), कीचेनमधले (म्हणजे ॲपलमध्ये सेव्ह केलेले) पासवर्ड मात्र मिळत नाहीत. गूगलवर इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये 3 ते 18 महिन्यांची मुदत टाकून, तेवढा काळ अकाउंट वापरलंच नाही तर ते आपोआप डिलीट व्हायला लावता येतं, कोणी बघूच नये असं वाटत असेल तर हे बरं. फक्त रनिंग वगैरेच्या ॲपचं वेगळं अकाउंट असेल तर ते यात येत नाही, तिथे वेगळं बघावं लागेल.