वाचकांचे प्रश्न : चिखलाने माखलेला पिकअप आणि धुरकट झालेले हेडलाइट

प्रश्न : अंबड तालुक्यात (जि. जालना) आमची मोसंबीची बाग असून मालवाहतुकीसाठी एक जुना पिकअप आहे. पाणंद रस्त्यावरचा चिखल, हौद्यातील शेणखत आणि रासायनिक खत, केबिनमधील धूळ आणि तंबाखूचे डाग यांमुळे गाडीची अवस्था फार वाईट झाली आहे. हेडलाइटची आवरणे पिवळी पडल्यामुळे रात्री बाजारात माल नेताना रस्ता नीट दिसत नाही. पुढील महिन्यात गाडी पासिंगला न्यायची आहे. वॉशिंग सेंटरमध्ये खालून डिझेल मारून घ्यावे, असे काही जण सुचवतात. पाण्याची टंचाई असल्यामुळे घरीच थोडक्या पाण्यात काम करायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात पाण्याने करू नका, झाडूने करा. आपल्या हौद्यात खताचे दाणे सांडलेले असणार. ते कोरडे असतानाच फाळका उघडून, रबरी मॅट असल्यास ती उचलून, कोपऱ्यांसह झाडून काढले पाहिजेत. म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशयुक्त खत रसायनाच्या दृष्टीने क्लोराइडयुक्त मीठ आहे आणि ते पाण्यात विरघळून पत्र्याच्या सांध्यांत शिरले की गंज वेगाने धरतो. फुटलेल्या मोसंबीचा आंबट रसही उघड्या लोखंडाला मानवत नाही. हौदा झाडून झाल्यावर भरपूर पाण्याने धुवावा आणि तळाच्या छिद्रांतून पाणी खरोखर खाली जाते आहे ना, हे वाकून पाहावे. ती छिद्रे चिखलाने बुजलेली असतील तर तारेने मोकळी करावीत, कारण मॅटखाली साचून राहिलेले पाणी वर्षभरात पत्र्याला भोके पाडू शकते. फवारणीच्या औषधाचा डबा हौद्यात सांडला असेल तर हातमोजे घालावेत आणि ते धुवण विहीर, ओढा किंवा जनावरांच्या हौदाकडे वाहू देऊ नये.

त्यानंतर चिखलाकडे वळावे. मराठवाड्याची काळी माती चिकणमातीच्या फुगणाऱ्या कणांनी बनलेली असते. ती ओली झाली की फुगून चिकटते आणि वाळली की दगडासारखी घट्ट होते. वाळलेले ढेकूळ खुरप्याने किंवा उलथन्याने ओरबाडल्यास त्याखालचा रंग आणि गंजरोधक थर दोन्ही निघून जातात. म्हणून चाकांवरच्या कमानी, स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधल्या जागा आणि चासीच्या आडव्या पट्ट्या आधी नुसत्या भिजवाव्यात, दहा-पंधरा मिनिटे थांबावे, पुन्हा भिजवावे आणि मगच धार मारावी. चिखल भिजायला वेळ दिला तर पाणी पुष्कळ वाचते. 2016 च्या एप्रिल महिन्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपल्या भागातील कोणीही विसरलेले नाही, आणि चिखल केवळ धारेच्या जोरावर उडवण्याचा हट्ट धरण्याइतके पाणी आपल्याकडे नसते. बागेच्या फवारणीसाठी आपल्याकडे एचटीपी पंप असेल तर तो या कामाला उत्तम आहे. मात्र टाकी आणि नळी आधी स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावी, नोझल पत्र्यापासून निदान फूटभर दूर धरावे आणि धार दरवाज्यांच्या रबरांवर, रेडिएटरच्या जाळीवर किंवा चाकांच्या सीलवर थेट मारू नये.

खालून डिझेल किंवा जळके ऑइल मारून घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. त्याने गाडी दोन दिवस काळीभोर दिसते, हे खरे आहे. परंतु डिझेलमुळे पाट्यांचे आणि सस्पेन्शनचे रबरी बुश फुगून मऊ पडतात, तेलकट पृष्ठभागावर पुढच्याच फेरीत धुळीचा जाड थर बसतो आणि तेल ब्रेकच्या ड्रममध्ये शिरले तर ब्रेक लागत नाहीत. माझे स्पष्ट मत असे आहे की हे करून घेऊ नये. त्याऐवजी गाडी धुऊन पूर्ण वाळल्यावर पाट्यांच्या पिना, प्रोपेलर शाफ्ट आणि इतर ठिकाणी ग्रीसिंग करून घ्यावे, म्हणजे आत शिरलेले पाणी जुन्या ग्रीससह बाहेर पडते. जेथे रंग उडून लोखंड उघडे पडले आहे तेथील गंज तारेच्या ब्रशने काढावा आणि रेड ऑक्साइड प्रायमर लावून वर रंगाचा हात द्यावा.

बॉडी धुताना सकाळची वेळ आणि सावली निवडावी. उन्हाने तापलेल्या पत्र्यावर शाम्पू क्षणात वाळतो, आणि बोअरचे जड पाणी वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके मागे राहतात. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, कारण ती रंगावरील मेण काढून टाकते. गाडीचा साधा शाम्पू पुरेसा आहे. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत नुसते पाणी. फडके आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूच्या बादलीत बुडवावे. अन्यथा पहिल्या दरवाज्यावरची वाळू आपण चारही बाजूंवर घासत राहतो. टपापासून खाली येत धुवावे आणि सर्वांत खालचा पट्टा शेवटी घ्यावा. डांबराचे ठिपके फडक्यावर थोडे रॉकेल घेऊन अलगद पुसावेत आणि ती जागा लगेच शाम्पूने धुवावी. क्षारांचे डाग राहिलेच तर व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून पुसल्यास ते सुटतात, पण तीही जागा नंतर धुवावी लागते. मायक्रोफायबर कापडाने गाडी पूर्ण कोरडी करून मेणाचा एक हात दिला तर पुढच्या वेळचा चिखल सहज सुटतो. पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूंना पिवळी अशी जी परावर्तक पट्टी आपल्या गाडीवर असते, तीही फडक्याने स्वच्छ पुसावी. पासिंगला ती पाहिली जाते, आणि रात्री रस्त्याच्या कडेला उभी असलेली गाडी तिच्यामुळेच दुरून ओळखू येते.

केबिनचे काम फार अवघड नाही. मॅट आणि सीटमागचे सामान बाहेर काढावे. कॉम्प्रेसरची हवा किंवा मऊ ब्रश वापरून धूळ वरून खाली आणावी आणि व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. रेक्झिनची सीट आणि दरवाज्यांची आतली बाजू सौम्य साबणाच्या ओलसर फडक्याने पुसावी. तंबाखूचे डाग एका दमात जात नाहीत, त्यामुळे साबणाचा फेस काही मिनिटे तसाच ठेवून मऊ ब्रशने पुन्हा घासावे लागते. डॅशबोर्डवर चकाकी आणणारे तेलकट द्रव लावू नये, कारण दुपारच्या उन्हात त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि डोळ्यांवर येते. इंजिनाच्या भागात पाण्याची धार मारू नये. इंजिन थंड असताना ब्रश, हवा आणि ओलसर फडके एवढ्यावरच काम भागवावे, कारण अल्टरनेटर, फ्यूजची पेटी आणि हवेचा मार्ग यांत पाणी गेले तर होणारा खर्च धुलाईच्या कितीतरी पट असतो. सर्व झाल्यावर गाडी हळू चालवून दोन-चार वेळा ब्रेक दाबावेत, म्हणजे ओले ब्रेक वाळतात.

आता हेडलाइट. आवरण काचेचे आहे की पॉलिकार्बोनेटचे, हे आधी नखाने टिचकी मारून पाहावे. काचेचा आवाज खणखणीत येतो, तर प्लास्टिकचा बसका. खरी काच पिवळी पडत नाही आणि तिच्यावर पॉलिश पेपर मारायचा नसतो, त्यामुळे काचेचा दिवा अंधुक दिसत असेल तर दोष बहुधा आतल्या रिफ्लेक्टरमध्ये असतो. पॉलिकार्बोनेटच्या आवरणावर कारखान्यातच एक कठीण संरक्षक थर दिलेला असतो. उन्हातील अतिनील किरणांनी तो थर झिजतो, रस्त्यावरच्या वाळूने ओरखडतो आणि मग खालचे प्लास्टिक पिवळे व धुरकट होते. धुरकटपणा बाहेरून आहे का, हे ओळखण्यासाठी आवरणावर पाणी ओतावे. ओले असेपर्यंत ते स्वच्छ दिसले आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाले, तर दोष बाहेरच्या थरात आहे आणि तो दुरुस्त होतो. आत पाण्याचे थेंब दिसत असतील किंवा रिफ्लेक्टरचा चकचकीत मुलामा उडाला असेल, तर बाहेरून कितीही घासले तरी प्रकाश वाढणार नाही.

काम करताना दिव्याभोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावावेत. मग वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासावे. पिवळेपणा फार असेल तर 800 क्रमांकापासून, नाहीतर 1000 पासून सुरुवात करून 1500, 2000 आणि शेवटी 3000 असा क्रम घ्यावा. पहिल्या पेपरने वाहणारे पाणी पिवळसर दुधाळ निघते, तो झिजलेला जुना थर असतो. ते पाणी पांढरे होईपर्यंत आणि संपूर्ण आवरण एकसारखे निस्तेज दिसेपर्यंत पुढच्या पेपरकडे जाऊ नये. प्रत्येक पेपरच्या वेळी घासण्याची दिशा बदलावी, एकदा आडवी आणि एकदा उभी, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे राहिले असतील तर ते लगेच ओळखता येतात. येथे घाई केल्यास पुढे कितीही पॉलिश केले तरी खोल ओरखडे दिव्यासमोर चमकत राहतात. हाताने जोर लावण्यापेक्षा पाणी सतत घालावे. शेवटी रबिंग कंपाउंड आणि मऊ पॅडने पॉलिश करावे. मशीन वापरणार असाल तर ती कमी वेगावर आणि सतत हलती ठेवावी, कारण एका जागी थांबल्यास प्लास्टिक तापून खराब होते. पेट्रोल, थिनर किंवा ॲसिटोन यांनी आवरण कधीही पुसू नये, त्यांच्यामुळे पॉलिकार्बोनेटला केसासारख्या बारीक तडा जातात. हे काम एवढ्यावर संपत नाही. पुढच्या टप्प्याबद्दल खालच्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : मी गाडीचे हेडलाइट आधी टूथपेस्टने आणि नंतर पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केले होते. तेव्हा ते अगदी नव्यासारखे दिसले, परंतु एका उन्हाळ्यातच पूर्वीपेक्षा जास्त पिवळे पडले. असे का झाले? (एक वाचक, लातूर)

उत्तर : टूथपेस्टमध्ये अतिशय बारीक घर्षक कण असतात, त्यामुळे वरवरचा धुरकटपणा जातो आणि दिवा काही दिवस उजळ दिसतो. पॉलिश पेपरने मात्र आपण जुन्या संरक्षक थराचा उरलासुरला भागही काढून टाकला. हे चूक नव्हते, कारण तो निघाल्याशिवाय आवरण स्वच्छ होत नाही. परंतु त्याच्या जागी नवा थर न दिल्यामुळे उघडे पॉलिकार्बोनेट आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हाला सामोरे गेले आणि अधिक वेगाने पिवळे पडले. आता पुन्हा घासावे लागेल, पण या वेळी शेवटचा टप्पा टाळू नये.

त्या टप्प्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे हेडलाइटसाठी मिळणारे अतिनील-रोधक कोटिंग, जे कापडाने एका दिशेत पुसत लावायचे असते. घरी करण्यासाठी हाच मार्ग मी सुचवेन. दुसरा म्हणजे टू-के क्लिअर लॅकर. त्यात दोन घटक एकत्र होऊन थर कडक होतो आणि तो जास्त टिकतो. हा लॅकर मारायचा असेल तर 2000 च्या पुढे पेपर नेऊ नये आणि पॉलिशही करू नये, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर लॅकर धरत नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि ते श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते, दमाही जडू शकतो. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क बांधून ते मारणे धोक्याचे आहे, म्हणून हे काम योग्य मास्क आणि स्प्रे-बूथ असलेल्या पेंटरकडूनच करून घ्यावे. नुसते मेण लावले तर संरक्षण काही आठवडेच राहते.

कोणतेही कोटिंग लावण्यापूर्वी आवरण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढावा आणि ते पूर्ण वाळू द्यावे. वारा सुटलेल्या दुपारी उघड्यावर हे काम केल्यास ओल्या थरावर धूळ बसते आणि सगळे श्रम वाया जातात. पहाटेनंतरची शांत वेळ आणि बंदिस्त शेड सर्वांत चांगली. लावल्यानंतर निदान एक दिवस दिव्यांना पाणी लागू देऊ नये. गाडी रोज उन्हात उभी राहत असेल तर तोंड भिंतीकडे किंवा झाडाच्या सावलीकडे करून लावावी, त्यानेही थराचे आयुष्य वाढते.

प्रश्न : गळिताच्या हंगामात आमच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या मागे दिवा नसतानाही रात्रभर चालतात. त्या वेळेत दिसाव्यात म्हणून पिकअपला 100 वॅटचे बल्ब बसवावेत का? (एक वाचक, माजलगाव, जि. बीड)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, परंतु हा उपाय योग्य नाही. अशा गाड्यांत बहुधा एच-4 प्रकारचा 60/55 वॅटचा हॅलोजन बल्ब असतो आणि तारा, स्विच व होल्डर तेवढ्याच भारासाठी बनवलेले असतात. 100/90 वॅटचा बल्ब घातल्यास होल्डर वितळू शकतो, रिफ्लेक्टर जळतो आणि प्लास्टिकचे आवरण आतून तापून खराब होते. शिवाय समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि त्याला आपल्यामागची बैलगाडी दिसत नाही. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब बसवला तरी प्रकाश इतस्ततः पसरतो.

आधी आवरण वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करून घ्यावे. बल्ब जुने असतील तर त्याच वॅटचे चांगले बल्ब जोडीने बदलावेत आणि बसवताना बल्बच्या काचेला बोट लावू नये, कारण बोटाच्या तेलकटपणामुळे ती जागा जास्त तापून बल्ब लवकर जातो. अर्थिंगची जोडणी गंजली असेल तर ती घासून घट्ट करावी. जुन्या गाड्यांत केवळ एवढ्यानेही प्रकाश चांगलाच वाढतो. त्यानंतर रोजच्याइतका माल भरलेला असताना प्रकाशझोताची उंची तपासून घ्यावी, कारण मागे वजन पडले की गाडीचे तोंड वर उचलले जाते आणि लो-बीमसुद्धा रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून गॅरेजमध्ये हे काम थोड्या वेळात होते, आणि दिव्यामागचे स्क्रू फिरवण्यापलीकडे त्यासाठी काही लागत नाही.