वाचकांचे प्रश्न : सेवा केंद्रातल्या संगणकावर विंडोज ११ घ्यावे का?

प्रश्न : औसा तालुक्यातील एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो आणि त्याच जागेत लग्नपत्रिका, अर्ज, ग्रामपंचायतीचे ठराव यांच्या मराठी टायपिंगची कामे घेतो. लॅपटॉप २०२० साली घेतलेला आहे (इंटेलचा दहाव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम), तर टायपिंगचा डेस्कटॉप चौथ्या पिढीच्या आय-३चा म्हणजे बराच जुना आहे. दोन्हींवर विंडोज १० आहे. लॅपटॉपवर विंडोज ११ घेण्याची सूचना सारखी येते. पण ते घेतल्यावर अंगठ्याचे यंत्र चालत नाही, असे शेजारच्या गावातले केंद्रचालक सांगतात. सूचना मान्य करावी की आहे तसेच चालू द्यावे? — एक केंद्रचालक, जि. लातूर

उत्तर : आपल्या दोन संगणकांसाठी दोन वेगळी उत्तरे आहेत. लॅपटॉपवर विंडोज ११ अवश्य घ्यावे, मात्र जोडलेल्या यंत्रांची खात्री करून आणि दिवस स्वतः ठरवून. डेस्कटॉपवर ते घेऊ नये. त्याचे काय करावे ते पुढे सांगतो.

‘आहे तसेच चालू द्यावे’ हा पर्याय आपल्यासारख्या केंद्रचालकाला का नाही, ते आधी स्पष्ट करतो. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १०चा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्या तारखेनंतरही संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो, म्हणून काही बिघडले असे वाटत नाही; परंतु नव्याने सापडणाऱ्या सुरक्षा-त्रुटींच्या दुरुस्त्या त्यावर आपोआप येणे बंद झालेले असते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या संगणक-विषाणूने जगभरातील संगणकांवरील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा ज्या त्रुटीतून तो पसरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती, ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांना प्रामुख्याने फटका बसला. आपल्या लॅपटॉपमध्ये गावातल्या लोकांचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक, सातबारा आणि उत्पन्नाचे दाखले स्कॅन करून ठेवलेले असतात. ती कागदपत्रे त्यांनी विश्वासाने आपल्या हाती दिली आहेत, आणि माझ्या मते हा निर्णय घेताना याच गोष्टीला सर्वाधिक वजन द्यायला हवे.

घाई करणारे मात्र दुसऱ्या बाजूने अडचणीत येतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १०च्या एका मोठ्या अपडेटने काही वापरकर्त्यांच्या फाइलीच पुसल्या, आणि मायक्रोसॉफ्टला ते अपडेट थांबवून दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा द्यावे लागले. म्हणून दर महिन्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या लगेच घ्याव्यात, आणि आवृत्ती बदलणाऱ्या मोठ्या अपडेटसाठी थोडे थांबून, बॅकअप घेऊन मगच पुढे जावे. या दोहोंत पुष्कळ जण गल्लत करतात आणि मोठ्या अपडेटच्या धास्तीने सगळीच अपडेट बंद करून ठेवतात. विंडोज ११ तर ५ ऑक्टोबर २०२१ रोजीच आले आहे. पुरेसे थांबून झाले आहे.

आता अंगठ्याच्या यंत्राविषयी. शेजारच्या केंद्रचालकांचा अनुभव खोटा नसावा, परंतु त्याचे कारण बहुधा ड्रायव्हर (विंडोजला ते यंत्र चालवता यावे यासाठीचा प्रोग्रॅम) किंवा त्या यंत्राची आर. डी. सर्व्हिस (आधार प्रमाणीकरणासाठी अंगठ्याचा ठसा सुरक्षितपणे पाठवणारा प्रोग्रॅम) जुनी असणे हे असते. विंडोज ११मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचे संरक्षण असते. ते चालू असेल आणि एखादा ड्रायव्हर त्याच्या नियमांत बसत नसेल, तर विंडोज तो ड्रायव्हर उघडूच देत नाही. ते संरक्षण बंद करून यंत्र चालवण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. आधार प्रमाणीकरण होणाऱ्या संगणकावर तो मानू नये. त्याऐवजी सूचना मान्य करण्यापूर्वीच यंत्राच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर जाऊन आपल्या मॉडेलसाठी विंडोज ११ची आर. डी. सर्व्हिस उपलब्ध आहे का ते पाहावे आणि तिची फाइल उतरवून पेन ड्राइव्हमध्ये ठेवावी. डिजिटल सहीचा टोकन, प्रिंटर आणि स्कॅनर यांच्या बाबतीतही हेच करावे. यांपैकी एखाद्याचा नवा ड्रायव्हर मिळतच नसेल, तर विंडोज ११च्या खर्चात नव्या यंत्राची किंमत धरावी लागेल, आणि हे नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

दिवस कोणता निवडावा? दहावी-बारावीच्या निकालानंतर जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी केंद्रासमोर रांग लागते आणि पाठोपाठ खरिपाच्या पीकविम्याचे अर्ज येतात. त्या गर्दीत लॅपटॉपला हात लावू नये. एप्रिलमध्ये जमत असेल तर तेव्हा, नाहीतर विम्याची मुदत संपल्यावर पोळ्याच्या आसपास हे काम घ्यावे. सलग दोन दिवस काम कमी असेल असा काळ हवा, कारण पहिला दिवस अपडेटला जातो आणि दुसरा दिवस प्रत्येक यंत्र खरोखर चालवून पाहण्याला लागतो: एक अंगठा, एक सही, एक छपाई, एक स्कॅन.

त्याआधी ‘पीसी हेल्थ चेक’ हा मायक्रोसॉफ्टचा मोफत प्रोग्रॅम चालवून लॅपटॉप पात्र आहे का ते पाहावे. विंडोज ११ला टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षेची चिप), सिक्युअर बूटची (संगणक सुरू होतानाच अनोळखी प्रोग्रॅम अडवण्याची) सोय, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. आपला लॅपटॉप यात बसायला हवा. सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क लॅपटॉपपासून काढून ठेवावी. डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवण्याची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा क्रमांक, कागदावर उतरवून ठेवावी; ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. लॅपटॉप घेताना दुकानदाराने स्वतःच्याच ई-मेलवर खाते उघडून दिले असेल, आणि आपल्या भागात असे सर्रास होते, तर आधी ते खाते आपल्या नावावर करून घ्यावे. अपडेटची फाइल काही जीबींची असते, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अवलंबून राहू नये. लाईट जाण्याचा भरवसा नसल्यामुळे बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर इन्व्हर्टरला जोडलेला असावा.

एवढे करूनही काही अडले, तर अपडेटनंतर १० दिवसांपर्यंत सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’त जाऊन ‘गो बॅक’ने विंडोज १०वर परतता येते. त्या काळात डिस्क साफ करणारे प्रोग्रॅम चालवू नयेत, कारण त्यात जुन्या विंडोजचे फोल्डर पुसले गेले तर परतीची वाट बंद होते.

डेस्कटॉप चौथ्या पिढीचा असल्यामुळे पात्र ठरत नाही. पळवाट काढून त्यावर विंडोज ११ बसवून देणारे लातुरात मिळतील. मात्र अशा संगणकाला पुढील अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप करायचा तेच हाती लागत नाही. व्यवसायासाठीची वाढीव सुरक्षा-सेवा प्रत्येक संगणकामागे पैसे देऊन मिळते आणि दर वर्षी तिची किंमत दुप्पट होते. इतक्या जुन्या यंत्रावर तो खर्च करू नये. तो संगणक इंटरनेटवरून काढावा आणि फक्त टायपिंगसाठी ठेवावा. मराठी टायपिंगचे जुने सॉफ्टवेअर डोंगलवर (संगणकाला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालत असेल, तर विंडोज १० राखण्याचा उलट फायदाच होईल. फाइली नेण्या-आणण्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवावा आणि लॅपटॉपवर तो प्रत्येक वेळी तपासून घ्यावा. लॅपटॉपवर जुने दस्तऐवज उघडताना ‘मंगल’ फाँट सापडला नाही तर घाबरू नये; तो ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ या ऐच्छिक सुविधेतून मोफत घेता येतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. घरचा संगणक सहाव्या पिढीचा असून त्यावर बँकेचे व्यवहार आणि थोडे लेखन करते. विंडोज ११ चालणार नाही असे सांगितले गेले. संगणक टाकून द्यावा का? — एक वाचक, जिंतूर

उत्तर : टाकून देऊ नये. वैयक्तिक वापराच्या संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या देण्याची योजना ठेवली आहे. आपल्या विंडोज १०ची आवृत्ती २२एच२ असावी लागते. सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’च्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज जोडून ठेवल्यास नोंदणीला पैसे पडत नाहीत. ती आजच करावी. मुदत संपल्यावर बँकेचे व्यवहार या संगणकावरून बंद करून, नियमित अपडेट मिळणाऱ्या फोनवर न्यावेत. लेखनासाठी तो इंटरनेटशिवाय पुढेही वापरता येईल.