स्वीडिशमधलं ‘स्लॉस्स’

प्रश्न असा होता: स्वीडिशमध्ये ‘मारामारी करणे’ याला ‘स्लॉस्स’ म्हणतात, मग ते ‘स्लो’ म्हणजे ‘मारणे’ यावरूनच आलं का, आणि शेवटी दोन ‘स’ कशाला?

हो, ‘स्लो’वरूनच. जर्मन ‘श्लागन’ आणि इंग्रजी ‘स्ले’ ही त्याचीच भावंडं. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘ठार मारणे’पर्यंत गेला. स्वीडिशमध्ये मात्र ‘स्लो’ अजूनही साधं आहे: घड्याळ टोले देतं तेही ‘स्लो’, गवत कापणंही ‘स्लो’. त्यामुळे गवतकापणीला ‘स्लॉत्तेर’ आणि लढाईला ‘स्लाग’, दोन्ही एकाच घरातले शब्द. 1709 मध्ये स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याचं सैन्य पोल्तावाला (आजच्या युक्रेनमध्ये) रशियाकडून हरलं, तीही ‘पोल्तावाची स्लाग’च.

खरी गंमत शेवटच्या ‘स’मध्ये आहे. जुन्या नॉर्समधला (स्वीडिश, आइसलँडिक यांची पूर्वज भाषा) ‘सिक’ म्हणजे ‘स्वतःला’ हा शब्द क्रियापदाला चिकटला आणि झिजत झिजत नुसता ‘स’ उरला. आइसलँडिकमध्ये त्याचंच ‘स्त’ झालं. ‘स्वतःला’वरून अर्थ सरकत ‘एकमेकांना’वर आला. म्हणून ‘वी सेस’ म्हणजे ‘आपण एकमेकांना बघू’, अर्थात ‘भेटू’, आणि ‘स्लॉस्स’ म्हणजे ‘एकमेकांना मारणे’. आपण ‘मार’ दोनदा म्हणून ‘मारामारी’ करतो, पण वर ‘करणे’ लावावं लागतं. त्यांचं काम एका अक्षरात होतं.

हाच ‘स’ कर्मणी प्रयोगालाही लागतो, आणि दोन ‘स’चं उत्तर तिथे आहे. ‘रेकोर्देत स्लोस’ म्हणजे ‘विक्रम मोडला जातो’: इथे स्वर दीर्घ आणि ‘स’ एक. मारामारीत स्वर आखूड होतो, आणि स्वीडिश लेखनात आखूड स्वरानंतर व्यंजन सहसा दुहेरी लिहितात. भूतकाळ ‘स्लूग्स’मध्ये मात्र स्वर दीर्घ, ‘स’ पुन्हा एकच.

वापरताना ‘मूत’ (विरुद्ध) आणि ‘मेद’ (सोबत) यांच्याकडे लक्ष द्या. ‘स्लॉस्स मेद’ म्हणजे कुणाशी लढणं की कुणाच्या बाजूने लढणं, हे संदर्भावरून ठरवावं लागतं. शंका नको असेल तर ‘मूत’ वापरा. आजाराशी किंवा परिस्थितीशी झगडायचं तर ‘शेम्पा’ अधिक शोभतं, आणि तोंडाच्या भांडणाला ‘ग्रेला’ हे वेगळंच क्रियापद आहे. ते ‘स’ न लावताच भांडतं. उलट इंग्रजीतला ‘फाइट’ उसना घेतला, तर त्याला ‘स’ चिकटवून ‘फाइतास’ करून टाकलं.