मोंझाचा राजवाडा : आत किती वेळ, बाहेर किती?

उन्हाळ्यात नागपूरची बरीच मंडळी मुलामुलींकडे युरोपात जातात. इटलीत मिलानजवळ मोंझा नावाचे शहर आहे. तिथला राजवाडा, म्हणजे विला रेआले, आणि त्यामागचे झाडीचे विस्तीर्ण पार्क याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा मिलानला शिकतो. मे-जूनमध्ये आम्ही दोघे त्याच्याकडे जाणार आहोत. मोंझासाठी एक दिवस काढावा का? काढला तर कसा आखावा? (धरमपेठ)

उत्तर : जरूर काढा, आणि अख्खा दिवस काढा. अर्ध्या दिवसात उरकायला गेलेले लोक राजवाड्याच्या खोल्या बघतात, मागच्या बागेत दोन फोटो काढतात आणि गाडी पकडतात. पार्क राहूनच जाते. मोंझाचे खरे वैभव तर तेच आहे. सुमारे ६८८ हेक्टर, म्हणजे जवळजवळ सतराशे एकर जमीन, आणि तिच्याभोवती १४ किलोमीटर लांबीची भिंत.

वाडा आधीचा, पार्क नंतरचे. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा हिने आपला मुलगा फर्डिनांड याच्यासाठी १७७७ मध्ये वाड्याचे काम सुरू करवले. फर्डिनांड तेव्हा लोम्बार्डीचा कारभार पाहत होता. वास्तुकार होता जुझेप्पे पिएरमारिनी, मिलानचे ला स्काला नाट्यगृह उभारणारा. तीन वर्षांत मुख्य इमारत उभी राहिली. पुढे नेपोलियनचा अंमल आला आणि १८०५ मध्ये त्याचा सावत्र मुलगा यूजेन याच्या काळात पार्क आखायला घेतले. ते काम पिएरमारिनीचाच शिष्य लुईजी कानोनिका याच्याकडे होते. हेतू दुहेरी होता : शिकारीचे राखीव रान आणि नमुन्याची शेती. त्यामुळे आत जुनी शेतघरे आहेत, पाणचक्क्या आहेत, कुरणे आहेत आणि मधून लाम्ब्रो नदी वाहते. वाफे, कारंजी, कातरलेली झुडपे शोधायला गेलात तर निराश व्हाल. दाट झाडीतून सरळ जाणारा रस्ता आणि वळणावर एकदम उघडणारे कुरण, ही इथली गंमत आहे.

आता दिवसाची आखणी. मिलानच्या चेंत्राले किंवा पोर्ता गारिबाल्दी स्टेशनवरून गाड्या सतत असतात आणि दहा ते वीस मिनिटांत मोंझा येते. (हा मार्ग १८४० मध्ये सुरू झाला. इटलीतला तो दुसरा रेल्वेमार्ग.) कागदी तिकीट घेतले असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. आपल्याकडे तिकीट काढले की काम संपते, तिथे संपत नाही. शिक्का नसलेले तिकीट तपासनिसाला सापडले तर दंड होतो, आणि परदेशी आहोत, माहीत नव्हते, हे सहसा ऐकून घेत नाहीत. मोबाइलवर तिकीट असेल तर त्यावरच्या सूचनेप्रमाणे प्रवास सुरू झाल्याची नोंद करा.

स्टेशनपासून वाडा दोन किलोमीटरहून थोडा जास्त आहे. जुन्या शहरातून रमतगमत चालले तर अर्धा तास. सकाळची पहिली वेळ वाड्यासाठी ठेवा आणि दीड तासात बाहेर पडा. मग वाड्यामागची राजबाग. दुपारचे जेवण आटोपून पार्कात शिरा आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहा. जूनमध्ये तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, घाई करण्याचे कारण नाही. बाग आणि पार्क यांना प्रवेशशुल्क नाही, तिकीट फक्त वाड्याला. वाडा बंद असण्याचे वार आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. अधिकृत संकेतस्थळावर बघूनच तारीख ठरवा.

हवेचे म्हणाल तर आपल्याकडे नवतपा चालू असताना तिकडे सुखद असते, पण मे महिन्यात पाऊस बराच पडतो. घडीची छत्री आणि पातळ जाकीट पिशवीत असू द्या. जुलैत वादळे होतात. जुलै २०२३ च्या वादळात पार्कातली झाडे इतकी पडली की ते बंद ठेवावे लागले. हवामानाचा इशारा असेल त्या दिवशी फाटके लावून घेतात, म्हणून निघण्यापूर्वी सकाळी खात्री करा. गुलाब बघायचे असतील तर मे उत्तम. वाड्याशेजारीच गुलाबांची वेगळी बाग आहे.

प्रश्न : वाड्यात फर्निचरच उरलेले नाही असे ऐकले. मग तिकीट काढण्यात अर्थ आहे का? (प्रतापनगर)

उत्तर : ऐकलेले बरेचसे खरे आहे, आणि त्यामागचे कारण कळले तर मोकळ्या खोल्याही वेगळ्या दिसतात. २९ जुलै १९०० च्या रात्री इटलीचा राजा उंबेर्तो पहिला मोंझातच एका व्यायामपटूंच्या समारंभाहून निघत असताना गाएतानो ब्रेशी या अराजकवाद्याने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. १८९८ मध्ये मिलानच्या रस्त्यावर सैन्याने लोकांवर केलेल्या गोळीबाराचा तो सूड होता. राजाच्या मुलाने, व्हित्तोरिओ एमानुएले तिसरा याने, त्यानंतर वाडा बंद केला आणि बरेचसे सामान रोमच्या क्विरिनाले राजवाड्यात हलवले. पुढची कित्येक दशके इमारतीची आबाळ झाली. दुरुस्तीनंतर मधला भाग २०१४ मध्ये लोकांसाठी खुला झाला.

म्हणून इथे नजर सामानावर नको, खाली आणि वर असू द्या. खाली लाकडाची जमीन आहे. ती करणारा जुझेप्पे माजोलिनी हा त्या काळचा नावाजलेला जडावकाम करणारा सुतार, वेगवेगळ्या रंगांचे लाकूड कापून एकमेकांत बसवणारा. खिडकीकडे तोंड करून उभे राहा. उजेड तिरपा पडला की दोन लाकडांमधला सांधा आणि रंगाचा फरक उठून दिसतो, दिव्याखाली तो हरवतो. वर छतावर अल्बेर्तोल्लीचे गिलाव्यातले नक्षीकाम आहे. तिकीटखिडकीवर रोतोंदा उघडी आहे का, हे आवर्जून विचारा. या गोल दालनात आन्द्रेआ आप्पियानी याने प्रेमदेव क्युपिड आणि त्याची प्रेयसी सायकी यांची कथा रंगवली आहे. ती बघायला मिळाली तर तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले.

राजा जिथे पडला तिथे आता स्मारक-प्रार्थनागृह आहे. वाड्यापासून पायी जाता येते.

प्रश्न : आईला गुडघ्यांचा त्रास आहे. सतराशे एकर ऐकूनच ती नको म्हणते. (मनीषनगर)

उत्तर : सगळे चालायचे नाहीच. स्टेशनहून वाड्याकडे बस जाते, तिने जा. आईंनी वाडा आणि राजबाग एवढेच करावे. बागेत तळे आहे, काठावर छोटे मंदिर आहे, जुने प्रचंड वृक्ष आहेत, आणि दीडदोन किलोमीटरच्या फेरीत हे सगळे होते. त्रास अंतराचा कमी, वाटेचा जास्त. बऱ्याच वाटा खडीच्या किंवा मातीच्या आहेत आणि खडीवर पाय सरकला की गुडघ्याला हिसका बसतो. सपाट चप्पल नको, जाड तळव्याचे बंद बूट आणि काठी हवी. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर मातीच्या वाटा टाळाच.

बाकीच्यांनी पार्कात भाड्याची सायकल घ्यावी. मोठे रस्ते सपाट आहेत. सायकल राजबागेत मात्र नेता येत नाही, म्हणून आधी बाग, मग सायकल. उंच गवतात बसून उठलात तर घरी गेल्यावर पोटऱ्या आणि गुडघ्यामागची जागा नीट तपासा, गोचीड चिकटते.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. तिथे खायचे काय? (महाल)

उत्तर : भात दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. मोंझाचा खास रिझोत्तो हा भाताचा पदार्थ लुगानेगा नावाचे सॉसेज घालून करतात. मिलानचा केशरी रिझोत्तो दिसायला निष्पाप असतो, पण तो सहसा मांसाच्या पाण्यात शिजवतात आणि त्यात हाडातला मगजही घालतात. ‘सेन्झा कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय. एवढ्यावर भागत नाही, कारण पाणी मांसाचे असले तरी ताटात मांस नाही असेच उत्तर मिळू शकते. ‘ब्रोदो वेजेताले?’ असे विचारून पाणी भाज्यांचे आहे याची खात्री करून घ्या. वरून भुरभुरतात ते ग्राना पादानो चीजही वासराच्या पोटातल्या रेनेट या विरजणासारख्या द्रव्याने जमवलेले असते. कडक पाळणाऱ्यांनी ‘सेन्झा फोर्माज्जो’ म्हणावे.

सगळ्यांत सोपे म्हणजे दशम्या आणि कोरडी चटणी बांधून न्या. डबा राजबागेत उघडू नका, पार्कातल्या हिरवळीवर उघडा. सार्वजनिक नळावर ‘नॉन पोताबिले’ लिहिलेले असेल तर ते पाणी पिण्याचे नव्हे.

प्रश्न : फॉर्म्युला वनचा ट्रॅक तिथेच आहे ना? शर्यतीच्या दिवसांत गेलो तर दोन्ही होईल का? (रामदासपेठ)

उत्तर : ट्रॅक पार्काच्या आतच आहे, १९२२ मध्ये ११० दिवसांत बांधलेला. दोन्ही एकदम मात्र होणार नाही. इटालियन ग्रां प्री ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला असते. त्या आठवड्यात पार्काचे मोठे भाग आणि काही फाटके बंद होतात, गाड्यांना उभे राहायला जागा नसते आणि हॉटेलांचे दर चढतात. शर्यत बघायची असेल तर फक्त शर्यतीसाठी जा. पार्क बघायचे असेल तर मे, जून किंवा पानगळीचा ऑक्टोबर निवडा.