पदकांचं पाकीट उघडू नकोस

चि.,

तुझं पत्र रात्री वाचलं, सकाळी पुन्हा वाचलं. निवृत्त कर्नलसाहेबांचं पोर्ट्रेट तुझ्याकडे आलंय, घराणं जुन्या सरदारांचं, पैसेही बरे. आता त्यांचा मुलगा म्हणतो, पदकं उठून दिसू द्या आणि डोळ्यांखालचं काळं जरा कमी करा. तू विचारतेस, काम सोडू का?

त्याआधी मला सांग, चेहरा किती झालाय? चार पानांच्या पत्रात पदकांवर दीड पान आहे. कुठली रिबन कुठल्या रंगाची, पितळेची चमक नेपल्स यलोने आणू की ऑकरने. चेहऱ्याबद्दल एकच ओळ: "चेहरा अजून बसत नाहीये." अगं, मग त्या मुलाशी कसलं भांडतेस?

चेहरा आधी. पदकं नंतर.

स्पॅनिश चित्रकार गोयाने रंगवलेला ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन मी वर्गात दाखवला, तेव्हा तूच उठून विचारलं होतंस, "सर, हा माणूस आमच्या असईत येऊन आपलीच माणसं मारून गेला. त्याचं चित्र आम्ही का शिकायचं?" भोकरदनच्या मुलीने ते विचारायलाच हवं होतं. तास संपला आणि उत्तर राहून गेलं, ते माझ्या मनात अजून टोचतं.

१२ ऑगस्ट १८०३ ला नगरचा किल्ला त्याच्या हाती आला. तेव्हा तो वेलिंग्टन नव्हता, आर्थर वेलस्ली होता. आयर्लंडमधल्या एका अर्लचा धाकटा मुलगा, थोरल्या भावाच्या पैशांवर पलटणीतला हुद्दा विकत घेऊन वर आलेला. त्यांच्याकडे तेव्हा तशीच रीत होती. सप्टेंबरच्या २३ तारखेला तो असईजवळ केळणा नदीच्या काठी उभा होता. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. त्याने पाहिलं तर नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर होती, पिंपळगाव आणि वरूड. इतकी जवळची गावं एकमेकांकडे गेल्या-आल्याशिवाय राहतील कशी? उतार होताच. पुढे शिंद्यांच्या तोफांनी त्याची फळी कापून काढली, त्याच्या बाजूचे सुमारे १,६०० लोक मेले किंवा जखमी झाले. आपल्या बाजूला काय झालं ते तुला मी सांगायला नको, तुझ्या गावात त्या गोष्टी अजून सांगतात. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाला म्हातारपणी कोणी विचारलं, तुमची सर्वांत चांगली लढाई कुठली, तर त्याने असईचं नाव घेतलं.

नगरच्या किल्ल्यानंतर बरोबर नऊ वर्षांनी, १२ ऑगस्ट १८१२ ला, तो माद्रिदमध्ये शिरला. स्पेनमध्येच फ्रेंचांशी झालेल्या सॅलामांकाच्या लढाईला तीन आठवडे झाले होते. तो ४३ वर्षांचा, आणि त्याला रंगवणारा गोया ६६ चा, जवळजवळ वीस वर्षं ठार बहिरा. युद्धात माणसांचं काय होतं, ते त्याच सुमाराला तो तांब्याच्या पत्र्यांवर कोरत होता. वेलिंग्टनसाठी त्याने महोगनीची एक लहानशी फळी घेतली, साधारण ६४ बाय ५२ सेंटीमीटरची. लाल गणवेश, छातीवर तीन तारे. आणि चेहरा? डोळे मोठे, खोल गेलेले, ओठ किंचित उघडे, वरचे दात दिसतायत. कित्येक रात्री धड न झोपलेला माणूस आहे तो. गौरवच पाहायचा असेल तर इंग्रज चित्रकार लॉरेन्सने वॉटर्लूनंतर रंगवलेला वेलिंग्टन बघ, हाताची घडी घातलेला, देखणा. मी तो वर्गात कधी लावला नाही, लावणारही नाही.

पुढे त्याला नवे मान मिळत गेले, तशी गोयाला त्याची छाती पुन्हा रंगवावी लागली. १८१४ पर्यंत पोशाख बदलला, गळ्याशी गोल्डन फ्लीस हा स्पेनचा मानाचा किताब आला, सुवर्ण क्रॉस आला. कळलं का तुला? पदकं दोन वर्षांनीही घालता येतात! चेहरा मात्र समोर बसलेल्या माणसाकडे बघूनच मिळतो. शत्रू असला तरी असंच बघायचं, एवढ्यासाठी ते चित्र मी दाखवलं होतं. मला त्या डोळ्यांत असईसुद्धा दिसते. तुला दिसेल की नाही, ते तू ठरव.

मी हे पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. माझं पहिलं मोठं काम असंच होतं, एक निवृत्त अधिकारी, इनामदार घराण्यातले. मी पदकांपासून सुरुवात केली. दोन दिवसांत अशी झळाळली की बघणारे थांबायचे. चेहरा त्यांच्या तरुणपणीच्या फोटोवरून भरला, गुळगुळीत. ते आले, काठीच्या टोकाने एकेक पदक मोजलं, "बरोबर आहेत" म्हणाले आणि चहा घ्यायला बसले. चेहऱ्याबद्दल अक्षरही नाही. सहा वर्षांनी ते गेले, तेराव्याला मी गेलो होतो. हार घातला होता तो टेबलावरच्या एका साध्या फोटोला. माझं चित्र मागच्या भिंतीवर, कपाटाच्या आडोशाला होतं.

त्यानंतर मी कोणाच्या सुरकुत्या पुसल्या नाहीत. कामं गेली. घर बरीच वर्षं हिच्या पगारावर चाललं, आणि त्याबद्दल मी तिला कधी नीट काही बोललो नाही. लोक हट्टी म्हणाले. पण मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. तुझ्यासारखी पोरगी अडते तेव्हा सांगायला माझ्याकडे काहीतरी असतं, ते त्याच हट्टातून आलंय.

काम सोडू नकोस. मुलाने दिलेले पदकांचे फोटो पाकिटात घाल, पाकीट चिकटव. रविवारी रंग न घेता जा. साहेबांना कोट काढून रोजच्या सदऱ्यात, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसव. त्यांना बोलू दे, तू फक्त कोळशाने काढ. कुठल्या गोष्टीवर ते गप्प होतात ते बघ, आणि गप्प झाल्यावर तोंड कसं होतं तेही. मुलगा सांगतो इथे उतार नाही, म्हणून काठावरून परत फिरू नकोस. अशी चार सिटिंग होईपर्यंत पाकिटाला हात लावायचा नाही.

चौथ्या दिवशीचं रेखाटन मला पाठव. गळ्याखाली कोरं असलं तरी चालेल.

तुझे,
सर