भिंत नको, कापड घे

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला, स्केचपण बघितलं. समाजमंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर कोविडमध्ये गेलेल्या गल्लीतल्या सगळ्यांचे चेहरे, खाली पणत्या, वर पक्षी. हात चांगला आहे तुझा, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण माझं ऐकशील तर भिंत सोड. का ते सांगतो, जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाच.

त्या दोन वर्षांत काय काय राहून गेलं ते आधी बघ. माणसं गेली ते तर आहेच, पण माणूस गेल्यावर आपल्याकडे जे जे करतात ते सगळंच बंद पडलं होतं की. अंत्यविधीला वीसच्या वर लोक नकोत असा नियम, आणि कोविडचा पेशंट असला तर बॉडी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, कितीतरी जणांना शेवटचं तोंडसुद्धा नीट बघायला मिळालं नाही. चूल बंद असलेल्या घरात शेजारणीने पिठलं-भाकरी घेऊन यायचं, बळंच कडू घास भरवायचा, बायकांनी गळ्यात पडून हेल काढून रडायचं, दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट बघत सगळे ताटकळत उभे, मग कुणीतरी पुढं होऊन म्हणणार की पोरीचं लग्न आम्ही करतो, काळजी करू नका, तेव्हा कुठं कावळा शिवणार. लिंगायतांच्या घरी भजन म्हणत नेतात, मुसलमानांच्या मयतीत रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूसपण खांदा देऊन चार पावलं चालतो. यातलं काहीच धड झालं नाही. शिकलेल्या लोकांना ते हेल काढून रडणं गावंढळ वाटतं, मला अजिबात नाही वाटत. नीट ऐकलंस तर त्यात त्या माणसाचं अख्खं चरित्र असतं, त्याला काय आवडायचं, कुणाशी भांडला, कुठल्या पोरावर जास्त जीव होता, सगळं.

म्हणजे लोकांच्या हातनं काहीतरी करायचं राहून गेलंय, आणि तू त्यांना बघायला देतीयेस. इथंच माझं अडतं.

शिवाय चेहऱ्यांचं काय करणार? आपल्या कुठल्याही चौकातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स बघ. आधार कार्डावरचा नाहीतर कुठल्यातरी लग्नातल्या ग्रुप फोटोतला चेहरा कापून ताणलेला, मागं निळे ढग, कडेला दिवा, आणि खाली शोकाकुल म्हणून इतकी नावं आणि इतके फोटो की गेलेला माणूस कोणता ते शोधावं लागतं. मी त्याला नावं ठेवत नाही हां, आपल्या शहरानं शोधलेली ती एक पद्धत आहे आणि लावणाऱ्याचं दुःख खरं असतं. पण तू त्याच फोटोंवरून काढणार. एखाद्या आजीचं नाक जरा चुकलं तर तिची लेक रोज त्या भिंतीवरनं जाताना मान खाली घालून जाईल. तिला कुणी विचारलंय का, की रोज आईचा चेहरा रस्त्यावर बघायचाय का म्हणून?

आता कापडाचं सांगतो. अमेरिकेत एड्सनं माणसं मरत होती तेव्हा कित्येक ठिकाणी अंत्यविधी करायलासुद्धा लोक तयार नसायचे, घरचेही तोंड फिरवायचे. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत क्लीव्ह जोन्स आणि त्याच्या सोबतच्या लोकांनी एक मोठी गोधडी सुरू केली. एका माणसासाठी एक तुकडा, तीन फूट बाय सहा फूट, साधारण कबरीएवढा. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर ती अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते आणि एकेक नाव मोठ्यानं वाचलं गेलं. कुणी शर्ट शिवला होता, कुणी टेडी बेअर, कुणी नुसतं नाव. शिवणारे बहुतेक आर्टिस्ट नव्हते, म्हणून तर ते काम एवढं मोठं झालं.

आणि आपल्याला गोधडी कुणी शिकवायची गं? आजीचं लुगडं वाकळेत घालून तिच्या माघारी ती वाकळ पांघरणारी घरं सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. तुझ्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायका दुपारी सूप मांडीवर घेऊन ओळीनं बसतात, त्यांच्या बोटांना दोरा नवा नाही. त्यांच्यात जाऊन बस. धावदोरा घालताना मान खाली असते, समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागत नाही, त्यामुळं बाई बोलायला लागते. मी एका बाईला नवऱ्याच्या शर्टाचा खिसा उसवताना बघितलंय, खिशात तंबाखूची पूड शिल्लक होती, ती तिनं झटकली नाही, खिसा तसाच तुकड्यावर ठेवून चारी बाजूंनी शिवून टाकला. असं काही तुला किंवा मला डिझाईन करून सुचलं नसतं.

पण कपडे मागताना जपून. काही घरांत गेलेल्या माणसाचे कपडे ठेवतच नाहीत, देऊन टाकतात नाहीतर चितेबरोबर जातात, आणि घरात ठेवणं अशुभ मानतात. तिथं वाद घालू नको. कोरं मांजरपाट दे, त्यावर नाव काढू देत. नाव ज्या लिपीत घरी लिहितात त्याच लिपीत, तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी, जे असेल ते, आणि आधार कार्डावरचं नको, हाक मारायचे ते नाव. तसंच ज्यांच्याबद्दल गल्ली दबक्या आवाजात बोलते, दारू पिऊन गेला, जीव दिला, त्यांच्या घरी तू स्वतः आधी जा. कोविडनंच गेलेले असावेत ही अट काढून टाक, नाहीतर पुन्हा कुणीतरी दाराबाहेर राहणार.

सगळ्यात महत्त्वाचं, या कामाचा शेवट काय ते आज ठरव, पहिला टाका घालायच्या आधी. लोक हे विसरतात आणि मग ती वस्तू कुठल्यातरी ऑफिसच्या कपाटावर धूळ खात पडते, ते फार वाईट दिसतं. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात दरवर्षी लाकडाचं एक मंदिर उभारतात, २००० साली डेव्हिड बेस्ट नावाच्या शिल्पकारानं सुरू केलं, लोक त्याच्या भिंतींवर गेलेल्या माणसांना पत्रं लिहितात आणि शेवटच्या रात्री ते जाळून टाकतात. तुला हे लांबचं वाटायला नको. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, हजारो लोक अक्षता टाकतात, आणि मग होम मैदानावर त्या नवरीच्या जागी बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून, बांगड्या घालून तिला अग्नी देतात. एवढ्या हौसेनं सजवलेलं आपल्या हातानं सोडून देणं या गावाला शेकडो वर्षं येतंय.

तरी तुझ्यासाठी मी जाळायचं सुचवत नाही. या लोकांनी एकदा घाईघाईत, लांबून जळताना बघितलंय, पुन्हा नको. माझं म्हणणं, तुकडे एकमेकांना कायमचे शिवू नको, कडेला नाड्या लाव आणि नाड्यांनी बांध. वर्षभर ज्याचा तुकडा त्याच्या घरी. वर्षातनं एक दिवस सगळे आणून बांधायचे, नावं वाचायची, संध्याकाळी सोडून परत न्यायचे. एखाद्या वर्षी कुणी आणला नाही तर ती जागा मोकळी ठेवायची, विचारायचं नाही.

दिवस कोणता? सर्वपित्री अमावास्या घेतलीस तर मुसलमान आणि ख्रिश्चन घरं येतील, पण पाहुण्यासारखी येतील. मला १२ जानेवारी बरी वाटते. १९३१ साली त्या दिवशी इंग्रजांनी येरवड्यात सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना फाशी दिली, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. ही नावं सोलापूर अजून एका दमात घेतं, त्या दिवशी शहराला आठवण काढायची सवय आहे, आणि यात्रेमुळं परगावी गेलेली पोरंपण त्याच सुमाराला घरी आलेली असतात. अर्थात गल्लीनं दुसरा दिवस म्हटलं तर तो.

नगरसेवकाचा फ्लेक्स येईल, कापड आम्ही देतो म्हणून कुणीतरी येईल. कापड घे, फ्लेक्स नको म्हणून हात जोड. रडणाऱ्याचा फोटो काढू नको, तुझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टसाठीसुद्धा नाही, सबमिशनला टाक्यांचे फोटो लाव, मी तुझ्या मॅडमशी बोलतो.

तुझ्या वडिलांचा तुकडा तूच शिव आणि तो सगळ्यांत छान झाला पाहिजे असा हट्ट धरू नको. शिवायला घेशील तेव्हा आई जवळ असू दे, तिला न विचारता त्यांचा शर्ट कापू नको. मोठ्या सुया आणि जाड दोरा मधल्या मारुतीजवळ मिळेल, पैसे मी देतो. रविवारी सकाळी ये, यादी घेऊन, आपण दोघं मिळून पहिल्या पाच घरांत जाऊ.

तुझे सर